मिठाचं औषध

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर हेरिंग मासळीचा हंगाम ऐन भरात होता. धक्क्यावर बायका पहाटेपासून उभ्याने मासे चिरत आणि जाड्या मिठात घोळवून पिंपात भरत. सुरीने बोटं कापत, कापात मीठ शिरे, म्हणून प्रत्येकीने बोटांना चिंध्या बांधलेल्या असत.

एके सकाळी मालक पिटकर्न परदेशी व्यापाऱ्याला घेऊन आले. चिंध्या पाहून त्यांनी नाक मुरडलं.

"काय हा गबाळेपणा! सोडा ती फडकी. मीठ जखमेला चांगलंच असतं. उगाच नखरे!"

मासे चिरणाऱ्या एफीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मिठाने तिच्या अंगठ्याला खड्डा पडला होता, आणि हा माणूस त्याला नखरे म्हणत होता! तिने चिंधी सोडली, मूठभर मीठ उचललं आणि थेट मालकांसमोर जाऊन उभी राहिली.

"दाढी करताना हनुवटी कापलीय तुमची, मालक. थांबा, मीठ लावते."

मालक दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी दोन्ही हातांनी हनुवटी झाकली. "खुळी आहेस का? आग होईल!"

व्यापाऱ्याला हसू आवरेना.

"एवढ्याशा कापाला तुम्ही पळता," एफी म्हणाली, "आम्ही दिवसभर मिठात हात घालतो."

"बांधा, बांधा चिंध्या," मालक पुटपुटले.

एफीने चिंधी त्यांच्या हातात दिली आणि खड्डा पडलेला अंगठा पुढे केला.

"सोडायला तुम्ही लावलीत. बांधाही तुम्हीच."

सगळा धक्का बघत होता. मालकांनी चिंधी गुंडाळून गाठ मारली.