सुनेचा सडा

थांबा, थांबा! आधी पायातलं काढा. फोटो कुठं पळून जात नाही. हा सुनेचा सडा आहे; सडा म्हणजे डोंगरमाथ्याचं हे सपाट पठार. सोनकी फुलली की या कातळावर कुणी चपला घालून फिरत नाही, मग तो पाटील असो नाहीतर पाहुणा. बसा त्या दगडावर. आमच्या उंबरसोंडेची माणसं ताशा वाजवत खालच्या वळणापर्यंत आलीत, ती वर येईतो सांगते.

फार जुनी गोष्ट. तेव्हा गावची माणसं उन्हाळ्यात सारा सडा पेटवून द्यायची. राख पडली की गवत जोमानं येतं, असा समज. एका वर्षी वारं फिरलं आणि वणवा थेट कड्याला भिडला. सोनकीचं बी जळालं, कड्यावरची मधाची पोळी जळाली, वाचलेल्या मधमाश्या निघून गेल्या. आणि नेमकी त्याच वैशाखात ठकूबाईच्या घरी गोजरा सून म्हणून आली. नशीब बघा पोरीचं!

पावसाळ्यात घराघरावर वेल चढले. भोपळा, दोडका, काकडी, फुलं रग्गड. पण बोटाएवढं फळ धरायचं, पिवळं पडायचं नि गळून जायचं. मग काय, खापर फोडायला नवी सून होतीच! पांढऱ्या पायाची म्हणाले तिला. ठकूबाई तर तोंडाची फटकळ. "दसरा झाला की हिला माहेरी धाडते, ती कायमचीच," म्हणाली.

गोजराचं माहेर डोंगरापलीकडं. तिथं सडा कुणी जाळत नसे. ती म्हणाली, "आत्याबाई, आमच्याकडं वेलाजवळ उभं राहिलं की कानात गुणगुण घुमते. इथं फुलं आहेत, पण माशी एक नाही. माझे पाय नका बघू, तुमचा सडा बघा. पुढच्या पावसापर्यंत मला राहू द्या."

ठकूबाई चारचौघींत फणकारली, "तुझ्या पायानं वेलाला फळ धरलं, तर तुझ्या वहाणा डोक्यावर घेऊन सडाभर नाचेन!"

गोजरानं वहाणा काढल्या आणि दाराच्या खुंटीला टांगल्या. "तोवर मी अनवाणी," एवढंच बोलली.

असं सांगतात, दिवाळी सरल्यावर ती काट्याकुट्यातून माहेरी गेली, सोनकीचं पिकलेलं बी ओटीत घेऊन आली आणि कातळाच्या भेगांत माती दाबून ते पेरलं. शिमगा झाला, आणि रिवाजाप्रमाणं गडी पेटत्या चुडी घेऊन सडा जाळायला वर आले. ही वाटेत आडवी पडली. "आधी मला पेटवा," म्हणाली. कुणाचा हात पुढं होईना. चुडी हातातच विझल्या म्हणे.

पाऊस झाला आणि भादव्यात सडा पिवळाजर्द झाला, आत्ता दिसतोय तसाच. मग एका सकाळी माहेरच्या कड्याकडून माश्या आल्या. गोजरा सडा उतरली, तशा तिच्या मागोमाग गावात शिरल्या, आणि एकीनंही कुणाला डंख केला नाही म्हणे. खोटं वाटतं? वाटू द्या. भोपळे मात्र असे धरले, की छपराचे वासे वाकले!

ठकूबाई शब्दाची पक्की. तिनं खुंटीवरच्या वहाणा काढल्या, पदरानं धूळ पुसली, डोक्यावर ठेवल्या आणि साऱ्या गावादेखत सडाभर नाचली. गोजरा लाजून अडवायला गेली, तर म्हणाली, "हो बाजूला! आज नाच माझा आहे."

त्या दिवसापासून सडा कुणी पेटवला नाही. आजही नव्या सुनेच्या पहिल्या भादव्यात सासू तिच्या वहाणा डोक्यावर घेऊन सडा ओलांडते. माझी सासू जन्मात माझ्याशी कधी गोड बोलली नाही, पण त्या दिवशी माझ्या वहाणा घेऊन नाचली. ते मी विसरले नाही.

ताशा थांबला बघा. माश्या बिथरतात, म्हणून तो वळणावरच थांबतो. पुढं नुसती बायकांची गाणी. ती हिरव्या लुगड्यातली माझी सून, रोहिणी. गुडघे दुखतात माझे, दुखू देत.

अगं, दे त्या वहाणा इकडं! लाजतेस काय? ठकूबाई लाजली नाही, मी कशाला लाजू? आणि तुम्ही पाहुणे, सरका जरा, वाट द्या. आज नाच माझा आहे.