रत्नपट आणि सगुणेचं ताट

"माझ्या नव्या पटाला नावं ठेवतेस? तुझा जुना पट मुदपाकखान्याच्या चुलीत घालीन!" राजा रत्नध्वज कडाडला.

समोर उभी होती सगुणा, तांबटाची पोर. काखेत गुंडाळलेला कापडी सारीपाट, तिच्या आईनं टाके घालून जपलेला. तिचा गुन्हा एवढाच, की ती भर बाजारात खरं बोलली होती.

सोनपट्टणात सारीपाट बनवावा तो राजाच्याच कारखान्यानं. लोक त्यावर जीव टाकत. सगुणा तर खेळायला बसली की तहानभूक विसरायची. पण अलीकडे महाराजांच्या डोक्यात थाटमाट शिरला होता! यंदाच्या रत्नपटाला आरसे होते, मोर होते, आणि उचलायला चार गडी लागत. नव्हता तो फक्त खेळ. नवे डाव म्हणे पुढच्या दसऱ्याला! घरांच्या जागी चौकोनी खाचा, त्यात जुन्या गोल सोंगट्या बसेनात. वर झाकणाला कुलूप. खेळायची हुक्की आली, की किल्लीवाल्या हुजऱ्याची वाट बघत बसा!

"राग नाही हो महाराज, जीव तुटतो," सगुणा म्हणाली. "तुमच्याच पटावर लहानाची मोठी झाले मी."

"जीव तुटतो म्हणे! बरं, तीन दिवस देतो. माझी चूक मला पटवून दे. पण तक्रारीचा एक शब्द काढायचा नाही. काढलास, की पट चुलीत!"

प्रधान गालात हसला. तोंड बांधून भांडणार कशी ही?

"कबूल!" सगुणा म्हणाली. "मग परवा दुपारी आमच्याकडे जेवायला यावं."

ठरल्या दिवशी राजा आला, आणि चांगला भुकेजून आला. पाटासमोर तिच्या बापानं घडवलेलं तांब्याचं ताट होतं. परातीएवढं! काठाला मोर, झाकणावर आरसे आणि झाकणाला कुलूप.

"वा! उघडा की."

"किल्ली मामांकडे आहे. येतीलच. तोवर मोर बघावेत महाराज, काय पिसारा!"

मामा घटकाभरानं आले. झाकण निघालं. राजा दह्यासाठी आपली चांदीची वाटी सगळीकडे बरोबर नेत असे. ती त्यानं ताटात ठेवली. वाटी कलंडली. ताटभर नुसत्या चौकोनी खाचा!

"अगं, वाटी बसत नाही!"

"नव्या ताटाला नव्या वाट्या, महाराज! कोरीवकाम किती रेखीव, नाही?"

"रेखीव आहे गं. पण भात कुठाय?"

"भात पुढच्या दसऱ्याला! आरशात बघावं, काय राजबिंडं रूप दिसतंय!"

राजा तडकून उठू लागला. प्रधान घाईनं पुटपुटला, "महाराज, भरल्या ताटावरून उठू नये."

"भरल्या? कुठं भरलंय?" राजा गरजला. "पोटात कावळे कोकलताहेत आणि ही मोर दाखवतेय! आरसे चाटू का? ताट जेवायला असतं की बघायला? माझी चांगली वाटी काय उकिरड्यावर टाकू? आणि माणसाच्या जेवणाला कुलूप कसलं घालता!"

दाराशी जमलेल्या शेजारणी पदरात तोंड लपवून हसू लागल्या. सगुणेनं हात जोडले.

"महाराज, मी तर आपण आल्यापासून कौतुकच करतेय. प्रधानजी साक्षीला आहेत. तक्रार केलीत ती आपण! मी बाजारात रत्नपटाबद्दल हेच म्हणाले होते. एवढं झणझणीत मात्र मला जमलं नव्हतं."

राजानं ते मोर, ते आरसे, ते कुलूप पुन्हा एकदा पाहिलं. मग असा खदखदून हसला, की पगडी सावरायला प्रधानाला धावावं लागलं.

"माझ्याच तोंडानं मला हरवलंस, पोरी! तुझा पट तुझ्यापाशी. आजपासून कारखान्यातला प्रत्येक पट आधी तू खेळायचा. तुला रुचला तरच बाजारात जाईल. आणि ती कुलपं आजच विहिरीत!" त्यानं गळ्यातला कंठा काढून तिच्या हातात ठेवला. "आता तरी वाढशील का गं?"

"वाढते की! पण पत्रावळीवर. या ताटात भाताला जागाच ठेवलेली नाही!"