भैरवी कोणाची?

"पण शेवटची भैरवी त्यालाच का म्हणून?" हेरंबने दारातूनच विचारलं. चप्पलही अजून पायातच होती.

कासमबाबा सारंगीवरून फडकं फिरवत होते. हेरंबला गाणं त्यांनीच शिकवलं होतं. आता तो पंडित झाला होता आणि बाबा होते तिथेच, दर्ग्यामागच्या खोलीत.

"बस," बाबा म्हणाले.

दरड कोसळून डोंगराखालची एक वाडी गाडली गेली होती. वाचलेली माणसं शाळेच्या व्हरांड्यात दिवस काढत होती. त्यांच्या डोक्यावर छप्पर यावं म्हणून आज संध्याकाळी शहरातले सगळे गवई, वादक एकत्र येऊन मानधन न घेता कार्यक्रम करणार होते. तिकिटंही खपली होती. गवयांचंच आपसात जमत नव्हतं.

"वामनरावाचा डाव आहे, बाबा. शेवटी तो गाणार, म्हणजे लोक त्यालाच आठवत घरी जाणार. कसली आलीय मदत! तबलजीही फितवलाय त्याने. काल तो तबलजी माझ्याकडे बघून हसला."

"हसला?"

"हसला. उगाच कोणी हसतं?"

बाबांनी फडकं झटकून बाजूला ठेवलं.

"भैरवी मला मिळाली तरच मी जाणार. नाहीतर लोकांचे पैसे परत करा म्हणावं."

"आणि वाडीतली माणसं?"

हेरंबने मान खाली घातली. लाज वाटलीच असणार, पण संशय भलता चिवट.

"ते वामनरावाला विचारा," तो म्हणाला.

बाबांनी सारंगी मांडीवर घेतली.

"घे. गा भैरवी."

"इथे?"

"इथे."

चिडूनच त्याने सुरुवात केली. मग सूर लागला आणि चीड कुठल्या कुठे गेली. सुरेख गायला, खोटं कशाला बोलू! थांबला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"भैरवीनंतर काय गातात?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. भैरवी झाली की मैफल..."

हेरंब थबकला.

"ही कसली मैफल, बाबा? इथे होतं कोण?"

"तू गात होतास. मी ऐकत होतो. आणखी काय लागतं?"

हेरंबचे डोळे बारीक झाले.

"हे तुम्हाला वामनरावाने पढवलंय. आला होता ना तो इथे?"

"सकाळी."

"वाटलंच मला! काय मागत होता?"

"भैरवी."

"...मग?"

"तोही इथेच गायला."



"मग संध्याकाळी करायचं काय? आहे कोण दुसरं?"

जन्मभर गवयांच्या मागे बसून वाजवलेली ती सारंगी बाबांनी गवसणीत घातली. टोपी झटकून डोक्यावर ठेवली.

"मला मागे तंबोरे दोन लागतात," ते म्हणाले. "वेळेवर या दोघं."