दुधाच्या दाताचं मूळ

फार मागची गोष्ट. हौसाच्या तोंडात खालचा दुधाचा दात मोठ्या तोऱ्यात बसला होता. एकदा हिरडीतून हाक आली, "काका, वाट देता का?"

"कोण रे?"

"नवा दात. वर सरकेन तसं माझं मूळ वाढेल. पण आड तुमचं मूळ आलंय."

"तिनं पहिली भाकरी माझ्या जोरावर तोडली. मी नाही हलायचा!"

"मग मी वाकडा उगवेन. जन्मभर ती तोंडाला पदर लावून हसेल."

 मग काका म्हणाला, "खा बाबा माझं मूळ. पण हळूहळू खा, पोरीला दुखता कामा नये."

कणाकणानं मूळ झिजलं. एके दिवशी पेरू खाताना दात अलगद हातात आला. आईनं रीतीप्रमाणे तो शेणाच्या गोळीत खोचून कौलावर टाकला. तिथून त्यानं पाहिलं, हौसा तोंडभर हसत होती आणि रिकाम्या जागेतून एक पांढरं टोक सरळ डोकावत होतं.