तिसऱ्या बाळाचा पट्टा

गॅस बंद केला का, हे तीनदा बघणारी बाई मी. आणि विमानात मांडीवरच्या बाळांना बांधायचे पट्टे दोनच, बाळं तीन! माझी निहिरा बिनपट्ट्याची.

शेजारी विमान कंपनीचे मालक कर्णिकसाहेब बसलेले. म्हणाले, "ताई, पट्टे वाढवले की तिकीट वाढतं. आईच्या हातांहून भक्कम काय असतं?"

उगाच घाबरतेय का मी? तरी निहिराला त्यांच्याच मांडीवर ठेवलं. "माझ्या हातांचा मला भरवसा नाही. तुमचे भक्कम आहेत. उतरेपर्यंत तुम्हीच धरा."

निहिराने त्यांचा टाय धरून उसळी मारली. तेवढ्यात विमानाचं दार बंद होऊ लागलं.

"थांबा!" साहेब ओरडले. "पट्टा आल्याशिवाय विमान हलणार नाही!"

पट्टा केवढ्याला पडतो, हे मात्र त्यांनी विचारलं नाही.