लाल दोऱ्याचा ससा

सन १९६१, जानेवारी महिना. पौषातली थंडी अंगात मुरलेली.

"आक्का, गेलेल्या माणसाचे टाके उसवले तर पाप लागतं का?"

द्वारकेने उंबऱ्यातूनच विचारले. पायातली चप्पलही अजून काढली नव्हती.

कृष्णाकाठच्या त्या लहानशा मठीत उमाक्का एकट्याच राहत. गावातल्या तीन पिढ्यांच्या लेकीसुना त्यांच्याकडे भरतकाम शिकल्या होत्या. त्यांत द्वारकेचा हात सर्वांत सफाईचा; आणि हे द्वारकेला कुणी सांगावे लागत नसे.

"आधी आत ये. चहा घेतेस, की नुसतं पापच?"

द्वारका बसली. पिशवीतून तिने बारा चौकोन काढून चटईवर मांडले. पांढऱ्या मांजरपाटावर निळ्या रेघांनी चित्रे छापून आलेली. त्या रेघांवरून लाल दोरा भरायचा, आणि मग चौकोन जोडून गोधडी शिवायची. धाकट्या बहिणीला मुलगी झाली होती. माघी पौर्णिमेला बारसे ठरले होते.

अकरा चौकोन द्वारकेने भरले होते. निळी रेघ दोऱ्याआडून कुठेही डोकावत नव्हती.

आक्कांनी त्यांवरून बोट फिरवले. "मशीनवर मारल्यासारखे आहेत."

"हे कौतुक आहे ना, आक्का?"

"मशीनचं आहे."

बारावा चौकोन आईचा होता. त्यावर ससा होता. टाके रेघ सोडून भरकटलेले; एक कान तर रेघेबाहेर पार आडवा गेलेला. कार्तिकात आई गेली, त्याच्या थोडेच आधीचे हे काम.

"बारशाला बहिणीच्या सासरची माणसं येतील," द्वारका म्हणाली. "आईच्या हाताला हसतील. म्हणून म्हणते, एवढा उसवावा आणि मी नव्यानं भरावा."

"मग उसव की. घरात कात्री नाही?"

"आहे."

"बोथट झालीय?"

"नाही."

"मग?"

द्वारका चटईची काडी खुडत राहिली...

"मी तिला बोलले होते, आक्का. हा कान भरत होती तेव्हा. म्हटलं, एवढी ठळक रेघ आहे, दिसत नाही का तुला? तिनं दोरा तोडला. सुई डबीत ठेवली. ती डबी पुन्हा उघडलीच नाही तिनं."

"काही म्हणाली?"

"म्हणाली, दिसते गं. हातच थरथरतो."

चुलीवरचा चहा उतू गेला, तरी आक्का उठल्या नाहीत.

मग त्यांनी आपली कात्री द्वारकेपुढे ठेवली.

"उसव. पण आधी धुऊन घे."

"धुऊन? अहो, छाप निघून जाईल! मग मी भरू कशावरून? आणि दोऱ्याचा रंग सुटला तर सगळंच..."

"दोरा कुणी आणला होता?"

"आईनं."

"पारखून घ्यायची की नाही ती?"

द्वारकेने उत्तर देईपर्यंत आक्कांनी चौकोन घंगाळात सोडलाही होता. द्वारकेचा हात पुढे झेपावला, आणि पाण्यापाशीच थबकला.

पाणी लाल झाले नाही.

हळूहळू ते निळसर झाले. आक्कांनी ते तुळशीखाली ओतले, दुसरे घेतले. कापड पिळले नाही. दोन तळव्यांत धरून दाबले, तान्ह्याचे अंग टिपावे तसे. मग अंगणात उन्हावर पसरले, आणि दोघींनी उरलासुरला चहा घेतला.

कापड वाळले, तसे आक्कांनी ते द्वारकेच्या मांडीवर ठेवले. "हं. आता रेघ सोडून गेलेले टाके तेवढे काढ."

द्वारकेने कात्री उचलली. चौकोन डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, उजेडाकडे फिरवला.

पांढऱ्या कापडावर एक ससा बसला होता. एक कान उभा, एक आडवा. बाकी काहीच नव्हते.

ती शोधत राहिली... शोधता शोधता तिच्या ओठांवर हसू आले आणि डोळे भरून आले.

"आक्का, याला मागून कुणी हाक मारलीय का हो?"

आक्कांनी तिच्या हातातली कात्री काढून घेतली.

इतके झाले, तरी द्वारकेचा स्वभाव एका धुण्यात जाणारा नव्हता. गोधडीची मांडणी करताना तो चौकोन ती रोज निराळ्या जागी ठेवी आणि रोज उचली. अकरांच्या रांगेत तो बसेचना. अखेर रथसप्तमीच्या सकाळी सगळे गाठोडे घेऊन ती पुन्हा मठीत आली. आक्का उन्हाकडे पाठ करून बसल्या होत्या.

"आक्का, याला पायाकडच्या कोपऱ्यात घेऊ? तिथं फारसं कुणाचं लक्ष जात नाही."

आक्कांनी चौकोन हातात घेतला. अंगठ्याने तो आडवा कान सावकाश एकदा चाचपला.

"द्वारके, पोर निजली की गाल कुठं टेकते गं?"