वैद्यांचं दप्तर आणि भिवाचा दम

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात धोंडोपंत नावाचे वैद्य होते. हाताला गुण असा, की पंचक्रोशीतले लोक त्यांच्याकडे यायचे. पण पंतांना औषधापेक्षा अभिमान होता तो आपल्या दप्तराचा. रोगी पहिल्यांदा येवो की दहाव्यांदा, त्याला सगळं मुळापासून सांगावं लागे. नाव काय, बापाचं नाव काय, आजोबांना खोकला होता का, काल रात्री काय जेवलात. पंत सगळं वळणदार अक्षरात लिहीत आणि मगच नाडीला हात लावत. गुडघ्याला चोळायचं तेल न्यायला आलेल्या म्हातारीचीही यातून सुटका नसे.

रोगी वाढले तशी ओसरीवर रीघ लागली. पंत मेटाकुटीला आले. शेवटी त्यांनी देशमुखांकडे गाऱ्हाणं नेलं, की एकट्याला काम उरकत नाही. देशमुख उदार माणूस. त्यांनी लगेच दोन कारकून पाठवून दिले.

आता सगळं सुरळीत होईल असं पंतांना वाटलं. झालं भलतंच! पहिला कारकून सगळं विचारून लिहून घेई. दुसरा तेच पुन्हा विचारून पहिल्याचं ताडून पाही. आणि पंतांचा दोघांवरही भरवसा नसल्यामुळे ते आत तिसऱ्यांदा विचारत. लोक येताना भाकरी बांधून आणू लागले. पंत मात्र खूश होते, कारण दप्तर आता दुप्पट झालं होतं.

एके दिवशी सकाळी भिवा कुंभार आला. हा पंतांचा लहानपणापासूनचा दोस्त, एका ओढ्यात डुंबून मोठे झालेले दोघं. भिवाला जुना दमा होता आणि त्या दिवशी तो फारच उसळला होता. पहिल्या कारकुनाने बापाचं नाव विचारलं, ते त्याने कसंबसं सांगितलं. आजोबांपर्यंत येईतो त्याची छाती भात्यासारखी चालू लागली. दुसऱ्या कारकुनाने पुन्हा नावापासून सुरुवात केली. आत पंत कारकुनाच्या अक्षरातल्या चुका काढत बसले होते. बऱ्याच वेळाने भिवाच्या नावाचा पुकारा झाला, तेव्हा ओसरीवर भिवा नव्हताच.

पंतांच्या काळजात चर्र झालं. औषधाची झोळी घेऊन ते अनवाणीच धावत सुटले. भिवा वाटेतच चिंचेखाली पडला होता, ओठ काळेनिळे झालेले. पंतांनी त्याला टेकवून बसवलं, औषध चाटवलं, छातीला तेल चोळलं. मनात एकच होतं, हा गेला तर मी कुणाला तोंड दाखवू? दुपार कलता कलता भिवाचा श्वास ताळ्यावर आला. पंतांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अरे, दारापर्यंत येऊन परत का फिरलास?" त्यांनी विचारलं.

भिवा हळूच म्हणाला, "धोंड्या, तुझ्या प्रश्नांना उत्तरं देण्याइतका दम असता, तर मी तुझ्याकडे आलो असतो का?"

पंतांनी त्याला हाताला धरून उठवलं. भिवाला घरी पोचवून ते घरी आले आणि रात्रभर तळमळत राहिले.

दुसऱ्याच दिवशी देशमुखांचा निरोप आला, की काम फार दिसतंय, तिसरा कारकून पाठवू का? पंतांनी साफ नको म्हणून कळवलं. मग त्यांनी दोन्ही कारकुनांना बोलावून सांगितलं, "बोरू ठेवा खाली आणि खल घ्या. उद्यापासून औषधं कुटायची." ज्याला फक्त तेल हवं त्याला दारातच तेल मिळू लागलं. रोगाची माहिती एकदाच विचारायची आणि पुढच्या खेपेला काय दिलं तेवढं एका ओळीत लिहायचं, असं ठरलं. धाप लागलेला किंवा रक्त वाहणारा आला, तर त्याने थेट आत यायचं. सुरुवातीला पंतांचा हात सवयीने बोरूकडे जाई आणि ते स्वतःवरच चरफडत. पण काही दिवसांतच दुपारच्या जेवणाआधी ओसरी मोकळी होऊ लागली.

हे कानावर गेलं तेव्हा देशमुख तणतणत आले. आपले शिकलेसवरलेले कारकून हिरडा कुटताना पाहून त्यांचा पारा चढला. ते गरजले, "पंत, किती रोगी आले, किती बरे झाले, याचा आकडा कुठाय?"

पंत उत्तर देणार तोच भिवाला दोघांनी धरून आणलं. पुन्हा दमा उसळला होता. देशमुखांना तसंच उभं ठेवून पंत उठले आणि त्यांनी थेट मित्राची नाडी धरली. भिवाने काही सांगायला तोंड उघडलं.

"बोलू नकोस," पंत म्हणाले. "मला ठाऊक आहे."

कारकुनाने ताजं कुटलेलं औषध पुढे केलं, पंतांनी ते मधातून चाटवलं. देशमुख कडेला बसून पाहत होते. भिवाचा चेहरा निवळला, तो भिंतीला टेकून शांत श्वास घेऊ लागला, तेव्हाच ते उठले. जाताना कारकुनांना म्हणाले, "इथंच राहा. पंत देतील ते कुटा."

तात्पर्य इतकंच: कामाला माणसं वाढवण्याआधी नको असलेली कामं कमी करावीत, आजारी माणसाचा श्वास आपलं दप्तर भरण्यासाठी नसतो.